शाळेच्या भिंतीतला जीव

चांगलं बांधलं म्हणून पाडायचं आणि वाईट बांधलं म्हणून ठेवायचं, असा उफराटा काळ खडकोलीत आला तेव्हा पुंडलिकराव निखाडे ऐंशीच्या घरात होते, आणि त्यांची मुलगी हेमलता कारखान्यात भिंती तपासायच्या कामावर होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण बोलता बोलता म्हणून जातो. खडकोलीने ते डोळ्यांनी पाहिलं.

खडकोली म्हणजे चंद्रपूरकडचं सिमेंटचं गाव. खाली चुनखडी, वर कारखाना, बाजूला कॉलनी. दोन पिढ्या तिथे एकच उद्योग चालला. खाणीतून चुनखडी काढायची, तिच्यात थोडी माती आणि चिमूटभर लोहखनिज घालायचं, सगळं पिठासारखं दळायचं आणि एका लांबलचक, आडव्या, सावकाश फिरणाऱ्या भट्टीत सोडायचं. भट्टी जराशी उतरती असते, त्यामुळे ते पीठ गोल गोल फिरत खाली आगीकडे सरकत जातं. आगीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचे सुपारीएवढे काळपट खडे झालेले असतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. ते थंड करून थोड्या जिप्समबरोबर पुन्हा दळले की झालं सिमेंट. जिप्सम नसेल तर पाणी पडल्याबरोबर सिमेंट घमेल्यातच आवळून बसेल आणि गवंडी थापी घेऊन बघत राहील.

सगळी गोम होती त्या भट्टीत. चुनखडी म्हणजे चुना आणि त्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड. ती तापली की वायू धुराड्यातून निघून जातो आणि चुना मागे उरतो. शंभर किलो चुनखडीतून चव्वेचाळीस किलो निव्वळ वायू. कोळसा बंद करून भट्टी विजेवर चालवली तरी हा वायू चुकत नाही, कारण तो इंधनातून येतच नाही, दगडातून येतो. जगाने हवेच्या बाबतीत कडक व्हायचं ठरवलं तेव्हा बाकीच्या कारखान्यांना काही ना काही वाट सापडली, सिमेंटला सापडेना. शेवटी चुनखडीच्या खाणींना कुलूप लागलं. भट्टी थंडावली आणि गावाचा एकुलता उद्योग बसला.

मग तोड निघाली. जुनं काँक्रीट म्हणजे तरी काय, ज्याचा वायू एकदा निघून गेला आहे असा चुनाच की. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण समजतो, ते खरं नाही. ते पाणी पिऊन दगड होतं. आणि पाणी तापवून बाहेर काढता येतं, त्याच्या वाफेने कोणाचं काही बिघडत नाही. तेव्हा जुन्या भिंती कापून आणायच्या, विजेचे झटके देऊन त्यातली वाळू-गिट्टी सोडवायची, आणि उरलेली भुकटी पुन्हा भट्टीत घालायची. नवी चुनखडी नको, नवा वायूही नको.

फक्त एक मेख होती. उभी भिंत वर्षानुवर्षं हवेतला तोच वायू पुन्हा पीत असते. सिमेंट भरपूर असेल, काम घट्ट असेल तर वायू सालीपुरताच शिरतो आणि आतला गाभा जिवंत राहतो. पण कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं असेल, नुसती वाळू थापली असेल, तर वायू आरपार जातो आणि चुन्याचा पुन्हा खडूच होतो. अशी भिंत भट्टीत घातली की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून कारखान्याने एक यंत्र आणलं. दिसायला इस्त्रीसारखं. भिंतीला टेकवलं की आत किती जिवंत चुना आहे त्याचा शंभरपैकी आकडा सांगायचं. त्याचं खरं नाव हातभर लांब होतं, पण लोक त्याला नाडी म्हणू लागले आणि त्या आकड्याला जीव. सत्तरच्या वर जीव असला की कारखाना त्या इमारतीसाठी पदर पसरून उभा.

आता कळलं ना काय झालं ते? ज्यांनी पाप केलं त्यांच्या इमारती वाचल्या. गळकी सभागृहं, पोपडे उडालेली गाळ्यांची रांग, हात लावला तर वाळू सांडणारी नवी बांधकामं, सगळी सुखरूप. आणि ज्यांनी जीव लावून बांधलं त्यांची कामं एकेक करून भट्टीत चालली.

पुंडलिकराव कारखान्याच्या बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. कॉलनीचा दवाखाना, क्लब, पाण्याची टाकी, मुलींची शाळा, सगळी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. मिक्सरच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि एक पोतं कमी पडलं तरी काम थांबवायचे. कंत्राटदार त्यांना मागे ‘पोतंमोज्या’ म्हणत. वरचे साहेबही वैतागत. बढती काही मिळाली नाही. जोडीला फक्त शालिक मेश्राम, शालिक मिस्त्री. दोघांचं असं जमलं की निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी शालिक सायकल टेकवून ओसरीवर यायचा आणि दोघे चहा पीत जुन्या कामांची उजळणी करायचे. हेमलताची आई गेल्यावर घरात बोलणारं माणूस म्हणजे शालिककाकाच. हेमलताचं लग्न जमलं नव्हतं, आणि पुढे बापलेक दोघांनीही तो विषय सोडून दिला होता.

एका शनिवारी पुंडलिकरावांनी विचारलं, “बाई, ते नाडीचं यंत्र घरी आणतेस ना तू?”

“आणते. का?”

“उद्या चल माझ्यासंगं. आपला दवाखाना पाहू, कितीचा निघतो.”

हेमलताला हसू आलं. वडिलांनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. रविवारी सकाळी तिघं निघाले. पुंडलिकरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, म्हणून शालिककाकांनी त्यांचा हात धरलेला. दवाखान्याच्या भिंतीला हेमलताने यंत्र टेकवलं.

“चौऱ्याऐंशी,” ती म्हणाली.

“पुन्हा सांग.”

“चौऱ्याऐंशी, बाबा. आजवर एवढा आकडा मी पाहिलाच नाही.”

“शालिक, ऐकलं का?”

“ऐकलं जी,” शालिक म्हणाला. “आता मशीन बोलली म्हून खरं. आपण बोललो तवा कोणाले पटलं नाई.”

पण तोही हसत होता. मग क्लब झाला, मग टाकी झाली. दोन्ही ऐंशीच्या वर. पुंडलिकराव त्या दिवशी चार जणांना थांबवून आकडे सांगत घरी आले, जेवताना दोनदा भात घेतला आणि मुलीला म्हणाले, “तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं.” हेमलताला वाटलं, इतक्या वर्षांत आपण बापासाठी एक धड काम केलं.

सोमवारी सर्वेक्षण विभागाचे सोनटक्के साहेब तिच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता, पण भट्टी रोज तोंड वासून बसलेली आणि तिचा घास पुरवायचं काम त्यांच्याकडे.

“वा, निखाडे मॅडम. सुटीच्या दिवशीही काम. तीन जागा आणि तिन्ही ऐंशीच्या वर. दवाखान्याचं आजच पत्र काढतो.”

नाडीचा प्रत्येक आकडा आपोआप कारखान्याच्या नकाशावर चढतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनेच नव्या पोरांना ते शिकवलं होतं. पण रविवार होता, बाबा खुशीत होते, आणि आपण कामावर आहोत हेच ती विसरली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

“ते मी सहज... ते माझ्या वडिलांनी बांधलंय, सर.”

“मग अभिमान वाटायला पाहिजे,” सोनटक्के म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

दवाखाना आवाज न करता गेला. हिरे बसवलेल्या तारांनी भिंती पनीरासारख्या कापून नेल्या. तळाचा एक थर तेवढा उरला. रुग्णांना पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. नवा दवाखाना लवकरच, असा फलक लागला, आणि त्या फलकाचा रंग उडाला तरी शेड तिथेच राहिली. क्लब गेला. टाकी गेली आणि कॉलनीत टँकर येऊ लागला. भट्टी मात्र फिरत होती, तीन पाळ्यांत माणसं कामावर जात होती, म्हणून कोणी फार बोललं नाही.

पुंडलिकराव एका संध्याकाळी दवाखान्याच्या मोकळ्या जागेपाशी बराच वेळ उभे राहून आले. “चांगलं बांधलं म्हणून पाडलं,” ते ओसरीवर बसत म्हणाले. “असं कुठं असते का, बाई?”

हेमलता चहा टाकायला आत गेली.

उरली होती मुलींची शाळा. आसपासच्या सात-आठ खेड्यांतल्या पोरी तिथे येत. हेमलता स्वतः तिथेच शिकलेली. ते पुंडलिकरावांचं सगळ्यांत लाडकं काम, आणि सगळ्यांत महागात पडलेलंही. बांधकामात एका कंत्राटदाराने दोन खांब हलक्या मालाचे ओतले, तर पुंडलिकरावांनी ते फोडायला लावले. शालिकने ते पुन्हा स्वतःच्या हाताने उभे केले. त्या भांडणात साहेबलोक कायमचे दुखावले गेले.

सोनटक्के म्हणाले, “मॅडम, शाळा यादीत आली आहे. तुम्हाला जड जात असेल तर नागपूरची टीम बोलावतो.”

“नको,” हेमलता घाईने म्हणाली. “मी करते.”

नागपूरची टीम आली असती तर शाळेला ऐंशीच्या वर आकडा मिळाला असता, आणि महिन्याभरात पोरी पत्र्याखाली बसल्या असत्या. उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पत्र्याखाली काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारावं. तिथे बसलेल्या खेड्यातल्या पोरीला आईबाप दुसऱ्या वर्षी परत पाठवत नाहीत. हेमलताने मनाशी ठरवलं, ही एक इमारत मी देणार नाही.

शाळेच्या मागे, पुंडलिकराव निवृत्त झाल्यावर, कोणा भलत्याच कंत्राटदाराने संडासांची ओळ बांधली होती. रंग तोच, पण आत नुसती वाळू. नकाशावर शाळेचं सगळं आवार एकच धरलेलं; नाडी तिथे टेकवायची, एवढंच. कोण बघतंय?

पण पुंडलिकरावांना कुठूनसं कळलं. “मीही येतो.”

“बाबा, कशाला? आकडा चांगला आला तर शाळा पाडतील.”

“पाडतील तर पाडतील. दवाखाना गेला, ही काय अमरपट्टा घेऊन आली आहे? पण कितीची होती ते तर कळू दे मला. नव्वद निघते बघ.”

तिने त्यांना समोरच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं आणि मागे गेली. थोड्या वेळाने परत आली.

“किती?”

“एकतीस.”

पुंडलिकराव हसले. त्यांना वाटलं मुलगी गंमत करते आहे. मग ते हसायचे थांबले.

“पुन्हा लाव.”

ती पुन्हा मागे जाऊन आली. “एकतीसच, बाबा.”

ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मधली सुटी झाली, पोरी त्यांच्या खुर्चीभोवतीने पळाल्या, सुटी संपली. हेमलताला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, दोन दिवस जेवण गोड लागणार नाही, मग विसरतील. महिन्याभराने कारखान्याची इमारती तपासायची यादी बंद होणार होती; तेव्हा सांगून टाकू. आत्ता सांगितलं तर ते संध्याकाळपर्यंत चौकात सगळ्यांना सांगत सुटतील. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि आकड्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पण पुंडलिकरावांचं डोकं भलत्याच दिशेने चालू होतं.

“स्लॅबच्या वेळेला तुझ्या आईचं ऑपरेशन होतं,” ते सावकाश म्हणाले. “पंधरा दिवस मी नागपूरला होतो. साइटवर शालिक एकटा होता.”

“बाबा, काहीतरीच काय?”

“एकटा होता. मी पोती मोजायला नव्हतो.”

हा विचार हेमलताच्या स्वप्नातही आला नव्हता. तिने इमारतीचा विचार केला होता, पोरींचा केला होता, बापाच्या मनाचाही थोडाफार केला होता. खोट्या आकड्याला कोणीतरी चोर लागतो, हे तिला सुचलं नव्हतं. ओठावर आलेलं तिने गिळलं. महिनाभराचा तर प्रश्न आहे, असं तिने स्वतःला बजावलं. अशा वेळी माणूस स्वतःची समजूत किती झटकन घालतो.

संध्याकाळी शालिककाका नेहमीसारखे आले. सायकल टेकवली, चप्पल काढली. पुंडलिकरावांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

“शाळेच्या स्लॅबमधली पोती कुठं गेली, शालिक?”

“कोणती पोती जी?”

“एकतीस निघाला आकडा. माझ्या कामाचा एकतीस. मी नव्हतो तेव्हा तूच होतास.”

शालिक उभाच राहिला. त्याने एकदा हेमलताकडे पाहिलं. ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

“निखाडेबाबू, म्या?” तो एवढंच म्हणाला.

“तू नाही तर कोण? दुसरं कोणी नव्हतं तिथं.”

शालिकने चप्पल घातली, सायकल घेतली आणि चहा न पिता गेला. इतक्या वर्षांत तो चहा न पिता कधी गेला नव्हता.

दोन दिवसांनी तो हेमलताला कारखान्याच्या फाटकाशी भेटला. धुतलेला सदरा घालून आला होता.

“माय, एक डाव पुन्हा लाव ना ते मशीन. कुठं लावाचं ते मी दाखवतो.”

“काका, पुन्हा तेवढाच येईल.”

“काहून येईन? तो स्लॅब म्या रात्रंदिवस पाणी मारून पिकवला. मले माहीत नाई का?”

हेमलता जमिनीकडे पाहत राहिली. शालिकने तिच्याकडे नीट पाहिलं. गवंडी ओळंबा लावून भिंत पाहतो तसं पाहिलं.

“तू लावलंच कुठं होतं, माय?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शालिकला जे कळायचं ते कळलं.

“शाळा राह्यते ना मग?”

तिने मान डोलावली.

“राह्यते तर असू दे,” तो म्हणाला. “पण बाबूले सांगजो. लवकर सांगजो, माय. मले आता करमत नाई.”

“यादी बंद झाली की सांगते, काका. शपथ.”

यादी बंद झाली नाही. भट्टीचं पोट भरेना, म्हणून मुदत वाढली, मग पुन्हा वाढली. हेमलता रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. संध्याकाळी पुंडलिकराव ओसरीवर एकटे बसलेले दिसत, रस्त्याकडे पाठ करून. तिने दोनदा विषय काढून पाहिला. “त्या माणसाचं नाव घेऊ नको,” ते म्हणाले, आणि तिने खरंच घेतलं नाही. सांगायला जेवढा उशीर होत गेला तेवढं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता नुसता आकडा खोटा होता असं सांगून भागणार नव्हतं. इतके दिवस गप्प का बसलीस, त्याचंही उत्तर द्यावं लागणार होतं.

थंडीत शालिक मिस्त्री गेला. छातीत कळ आली आणि पत्र्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. हेमलताने वडिलांना सांगितलं. त्यांच्या हातातला घास ताटात पडला.

“मातीला चला, बाबा.”

“नाही,” पुंडलिकराव म्हणाले. “तू जाऊन ये.”

ती गेली. शालिककाकांची बायको, यमुनाकाकू, तिच्या गळ्यात पडून रडली. “बाबू नाई आले?” एवढंच तिने विचारलं. हेमलताने सांगितलं की त्यांना बरं नाही. घरी आल्यावर पुंडलिकरावांनी विचारलं, “माणसं बरीच होती का?” ती म्हणाली, होती. त्या वेळी सांगायला हवं होतं. त्याच्या आधी कधीही सांगायला हवं होतं, पण निदान त्या वेळी तरी. तिने पाणी तापवून आंघोळ केली आणि भाकरी टाकल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दूर कुठल्याशा शहरात एक हलकी इमारत माणसांसकट बसली आणि सरकारला जाग आली. हलक्या काँक्रीटमधला चुना मेला की आतलं लोखंड गंजतं आणि स्लॅब कधी खाली येईल सांगता येत नाही, हे काही नवं शास्त्र नव्हतं. पण आता आकडे आयते तयार होते. सरकारने कारखान्यांचे नकाशे मागवले आणि हुकूम काढला की चाळीसच्या खाली जीव असलेली प्रत्येक सार्वजनिक इमारत पावसाळ्यापूर्वी पाडायची. चांगली भट्टीने नेली होती. वाईट हुकमाने चालली. खडकोलीच्या यादीत पहिलं नाव मुलींच्या शाळेचं होतं.

हेमलता धावत सोनटक्क्यांकडे गेली. “सर, तो आकडा चुकलाय. शाळा मजबूत आहे.”

“चुकला असेल तर पुन्हा मोजू की. एवढं काय?” सोनटक्के म्हणाले. मग तेच थांबले. “पण मॅडम, मजबूत निघाली तर ती आपल्याला लागेल. भट्टीत परवापुरताच माल आहे.”

“दुसरा काही मार्ग?”

“चाळीस आणि सत्तरच्या मधलं काही असेल तर सांगा,” ते म्हणाले. त्यांनी ते कुचेष्टेने म्हटलं नव्हतं. शाळेच्या आवारात तसा मधला आकडा देणारी भिंतच नव्हती. ती आगीतून निघून फुफाट्यात आली होती, आणि शाळेला बरोबर घेऊन आली होती.

तिने पुन्हा मोजलं नाही. पोरींना हलवलं, बाकं हलवली. पाडायच्या दिवशी पुंडलिकराव काठी घेऊन तयार झाले.

“तुम्ही कशाला, बाबा? ऊन आहे.”

“माझ्या नावाचं खोटं काम पडतंय. मला पाहायला पाहिजे,” ते म्हणाले.

हे सरकारी कंत्राटाचं पाडकाम होतं, तारा-बिरा नाहीत. हातोड्याची छिन्नी लावलेलं एक पिवळं यंत्र आलं. चालकाने आधी मागची संडासांची ओळ घेतली. दोन टोले दिले आणि सगळी ओळ वाळूच्या ढिगासारखी बसली. बघ्यांमधलं कोणीतरी हसलं. पुंडलिकरावांनी मान खाली घातली.

मग यंत्र वळून शाळेच्या पुढच्या खांबापाशी आलं. टोला पडला आणि छिन्नी सटकली. पुन्हा पडला, पुन्हा सटकली. चालकाने कोन बदलला, रेटा वाढवला. खांबाची साल उडाली, बाकी काही नाही. तासभर हेच चाललं. शेवटी त्याने यंत्र बंद केलं आणि घाम पुसत खाली उतरला.

“हे कोणत्या येड्यानं बांधलं जी?” त्याने बघ्यांना विचारलं. “यादीत तर कच्ची लिहून आहे. माही छिन्नी गेली बापा कामातून.”

पुंडलिकराव काठी टेकत पुढे झाले. कोणी अडवायच्या आत ते खांबापाशी पोचले. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून उडालेल्या जागेवर त्यांनी बोटं फिरवली. हलक्या कामात टोला बसला की गिट्टी आख्खी निखळून येते, तिच्या जागी खळगा उरतो. पक्क्या कामात गिट्टी सुटत नाही, सिमेंटबरोबर मधोमध तुटते. तिथे एकही खळगा नव्हता. सगळी गिट्टी तुटलेली, सपाट. त्यांनी बोटं पुन्हा फिरवली, मग काठी उंचावून वरच्या तुळईच्या कोपऱ्यावर ठोकून पाहिली. स्लॅबबरोबर शालिकने एकट्याने ओतलेलं काम ते.

“बाई,” ते वळून म्हणाले. “तू नाडी कुठं लावली होतीस?”

हेमलताने मागच्या वाळूच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मग लक्षात आलं की त्यांना ते दिसणार नाही.

“संडासाच्या भिंतीला,” ती म्हणाली. “शाळा वाचावी म्हणून. तुम्हाला सांगणार होते मी, बाबा. रोज सांगणार होते.”

“शालिकला माहीत होतं?”

“हो. त्यांनी ओळखलं होतं.”

“आणि तो काय म्हणाला?”

“म्हणाले, शाळा राहत असेल तर असू दे. बाबूंना लवकर सांग म्हणाले.”

पुंडलिकराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते खांबाला टेकून उभे राहिले. चालकाने नवी छिन्नी बसवायला घेतली होती, तिचा ठणठणाट चालू होता.

“चल,” ते थोड्या वेळाने म्हणाले.

“घरी?”

“शालिककडे.”

क्षणभर तिला वाटलं, उन्हाने त्यांना भ्रम झाला. तसं काही नव्हतं. वाटेत तिने हात पुढे केला तर त्यांनी तो धरला नाही, काठीने रस्ता चाचपत चालले.

यमुनाकाकू अंगणात तूर पाखडत होती. पुंडलिकरावांना पाहून ती सूप ठेवून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आत जाऊन पाण्याचे दोन पेले घेऊन आली. शालिक गेल्यापासून ते पहिल्यांदाच येत होते, पण तिने तसं काही दाखवलं नाही. भिंतीजवळची खाट तिने ओढून मधे घेतली.

“बसा ना जी, बाबू.”

पुंडलिकरावांनी पेला घेतला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

“आधी ही काय सांगते ते ऐकून घे, यमुना,” ते म्हणाले. “मी बसायचं का नाही, ते मग तू सांग.”